ट्यूब अ‍ॅम्प की डिजिटल मॉडेलर? आवाज जवळपास सारखाच, मग सेकंड हँड बाजारात भावात एवढा फरक का?

८ डिसेंबर २०१३. अंटार्क्टिकावर अर्जेंटिनाचा कार्लिनी नावाचा संशोधन तळ आहे. तिथे एका पारदर्शक घुमटात शंभर-सव्वाशे लोक जमले होते आणि समोर वाजवत होती मेटॅलिका. जगातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या बँडपैकी एक. पण घुमटाबाहेर जवळपास काहीच ऐकू जात नव्हतं. तिथल्या नाजूक पर्यावरणामुळे स्पीकरच्या भिंती उभ्या करायच्या नव्हत्या, त्यामुळे सगळ्या प्रेक्षकांच्या कानाला हेडफोन होते. गिटारवाल्यांच्या मागे नेहमीचे थप्पीने रचलेले अ‍ॅम्पही नव्हते. त्यांचं काम ‘अ‍ॅक्स एफएक्स टू’ नावाचं, लोखंडी रॅकमध्ये बसणारं एक यंत्र करत होतं.

या यंत्राला म्हणतात मॉडेलर. म्हणजे अ‍ॅम्पची नक्कल करणारा छोटा कम्प्युटर. बँड परत आला, पण मॉडेलर काही सुटला नाही. पुढच्या जगभरच्या दौऱ्यांतही मेटॅलिकाने तोच वापरला.

आता साधा हिशोब असा की, मेटॅलिकाचं ज्यावर भागतं त्यावर बाकीच्यांचं भागायला काय हरकत आहे? मग काचेच्या नळ्यांवर चालणारे, तीस-तीस किलोचे जुने अ‍ॅम्प रद्दीच्या भावात मिळायला हवेत. झालं उलटंच. अंटार्क्टिकावर वाजलेलं ते मॉडेल २०११ साली बाजारात आलं तेव्हा २,१९९ डॉलरचं होतं. आज सेकंड हँड घ्यायला गेलं तर ते हजार डॉलरच्या आत मिळतं. आणि ज्याची नक्कल त्या यंत्रात भरलेली आहे, तो ‘डंबल’ नावाचा जुना अ‍ॅम्प एक लाख डॉलरच्या पुढे विकला जातो. रुपयांत ८० लाखांच्या वर. पुण्यात टू-बीएचके येतो एवढ्यात, जरा लांब का होईना.

हे नेमकं काय चाललंय?

आधी ट्यूब म्हणजे काय ते बघू

घरात आजोबांच्या काळचा वाल्व्हचा रेडिओ असेल तर अर्धं काम झालं. तो रेडिओ लावला की लगेच वाजायचा नाही. आधी आतले दिवे तांबूस व्हायचे, मग मिनिटभराने आवाज यायचा. ते दिवे म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत एक तार तापते, तिच्यालगतच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉन सुटतात आणि मधल्या जाळीवर गिटारचा बारीकसा सिग्नल दिला की तो मोठा होऊन बाहेर पडतो. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत रेडिओ, टीव्ही, टेलिफोन सगळीकडून ट्यूब हद्दपार झाली.

गिटारवाल्यांनी मात्र ती सोडली नाही. कारण ट्यूब चुकते छान. तिच्यावर गरजेपेक्षा जास्त भार टाकला तर ती आवाज एकदम कापत नाही, हळूहळू दाबत जाते. त्यातून जो भरड, गोडसर फाटका आवाज येतो त्यावर ब्लूज आणि रॉक उभं राहिलं. हाय-फाय सिस्टिममध्ये ज्याला दोष म्हणतात, तोच इथे विकायचा माल आहे.

यातली मेख अशी की हा आवाज अ‍ॅम्प मोठ्याने वाजला तरच नीट निघतो. तीस वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प ऐकायला लहान वाटतो, पण फ्लॅटमध्ये तो त्याच्या रंगात येईपर्यंत सोसायटीचे सेक्रेटरी दारात आलेले असतात.

बुटीक अ‍ॅम्प कुठून आले?

फेंडर, मार्शल, व्हॉक्स या कंपन्यांनी १९५० आणि ६० च्या दशकात जे अ‍ॅम्प बनवले, ते आजही सगळ्यांचे पूर्वज आहेत. मार्शलचा पहिला अ‍ॅम्पसुद्धा फेंडरच्या बेसमन अ‍ॅम्पवरून बनवलेला होता. पुढे मोठ्या कारखान्यांनी खर्च वाचवायला हाताने जोडलेल्या तारांऐवजी छापील सर्किट बोर्ड आणले. मग काही तंत्रज्ञ मंडळी जुनी पद्धत धरून बसली. घरात, गॅरेजमध्ये, एकेक अ‍ॅम्प हाताने. त्यांना म्हणतात बुटीक.

कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांनी फेंडरच्या ‘प्रिन्सटन’ या छोट्याशा अ‍ॅम्पमध्ये मोठा स्पीकर आणि दणकट सर्किट कोंबलं. कार्लोस सँटाना त्यावर खूश झाला आणि त्यातून मेसा बूगी ही कंपनी उभी राहिली. आज ती इतकी मोठी झालीय की २०२१ मध्ये गिब्सनने विकत घेतली. १९८८ मध्ये क्लीव्हलँडजवळ माइक झाइट यांनी ‘डॉक्टर झी’ सुरू केली. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसला मार्क सॅम्पसन आणि रिक पेरोटा यांनी ‘मॅचलेस’ काढली. तिचा डीसी-३० हा अ‍ॅम्प व्हॉक्सच्या एसी-३० वरून घेतलेला, पण रणगाड्यासारखा बांधलेला.

या सगळ्यांत दोन माणसं मात्र दंतकथेत गेली.

पहिले केन फिशर. न्यू जर्सीचे. आधी अँपेग कंपनीत इंजिनिअर होते, नंतर ‘ट्रेनरेक’ नावाने स्वतःचे अ‍ॅम्प बनवू लागले. तब्येत साथ देत नव्हती, त्यामुळे आयुष्यभरात शंभरच्या आसपासच अ‍ॅम्प त्यांच्या हातून झाले. प्रत्येकाला नंबर द्यायच्या ऐवजी ते बाईचं नाव द्यायचे. २००६ मध्ये ते गेले.

दुसरे अलेक्झांडर डंबल. नाव डंबल आणि अ‍ॅम्प उचलायलाही डंबेलसारखाच. हे गिऱ्हाइकाला आधी वाजवायला लावायचे, त्याचा हात कसा पडतो ते ऐकायचे आणि मग त्याच्यासाठी अ‍ॅम्प बांधायचे. कपडे शिवतात तसा. रॉबेन फोर्ड, लॅरी कार्ल्टन, स्टीव्ही रे व्हॉन, पुढे जॉन मेयर अशी त्यांच्या गिऱ्हाइकांची यादी आहे. सर्किट कुणी चोरू नये म्हणून त्यावर ते इपॉक्सीचा थर ओतायचे. तो खरवडल्याशिवाय आत काय आहे ते दिसायचंच नाही. त्यांच्या हातून तीनशेच्या आसपास अ‍ॅम्प झाले असं मानलं जातं. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचं निधन झालं आणि तो आकडा कायमचा गोठला.

मग मॉडेलर आला

१९९६ मध्ये लाइन सिक्स या कंपनीने डिजिटल नक्कल करणारा अ‍ॅम्प काढला आणि १९९८ मध्ये ‘पॉड’. लाल रंगाचा, राजम्याच्या दाण्यासारखा दिसणारा डबा. टेबलावर ठेवायचा, गिटार लावायची, बटण फिरवलं की फेंडर, आणखी फिरवलं की मार्शल. आवाज हुबेहूब होता का? नाही. पण रात्री दोन वाजता हेडफोन लावून वाजवता येत होतं, आणि बहुतेकांची खरी अडचण तीच होती.

पुढच्या टप्प्यात तंत्र बदलत गेलं. २००६ मध्ये आलेल्या फ्रॅक्टल ऑडिओच्या अ‍ॅक्स एफएक्सने सर्किटमधल्या एकेका भागाचं वागणं गणितात मांडलं. जर्मनीच्या क्रिस्टोफ केम्पर यांनी २०११ मध्ये वेगळाच रस्ता दाखवला. खऱ्या अ‍ॅम्पसमोर माइक ठेवायचा, यंत्र त्या अ‍ॅम्पमध्ये ठरावीक आवाज सोडतं, परत काय आलं ते ऐकतं आणि त्यावरून त्या अ‍ॅम्पचं ‘प्रोफाइल’ बनवतं. थोडक्यात अ‍ॅम्पचा फोटो काढायचा. फोटोची जी मर्यादा असते तीच इथेही होती. बटणं ज्या जागी असताना फोटो काढला तिथला आवाज अचूक, पण बटण फिरवलं की अंदाज. (२०२३ मध्ये केम्परने ‘लिक्विड प्रोफाइलिंग’ आणून यावर बराच उपाय केला.) फिनलंडच्या न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स हेच काम न्यूरल नेटवर्कने करतो. आणि स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन या संशोधकाचं ‘न्यूरल अँप मॉडेलर’ हे सॉफ्टवेअर तर चक्क फुकट आहे. लॅपटॉपवर टाका आणि लोकांनी पकडून ठेवलेले हजारो अ‍ॅम्प वाजवा.

यातली गंमत म्हणजे या यंत्रांत कुणाची नक्कल असते? बुटीकवाल्यांचीच. ट्रेडमार्कच्या भानगडी नकोत म्हणून नावं जरा फिरवलेली असतात. लाइन सिक्सच्या हेलिक्समध्ये ‘मॅचस्टिक’ दिसला की तो मॅचलेस समजायचा. फ्रॅक्टलमध्ये ‘रेकर’ म्हणजे ट्रेनरेक. ज्या अ‍ॅम्पला हात लावायचं भाग्य बहुतेक गिटारवाल्यांना आयुष्यात मिळणार नाही, त्याचं प्रोफाइल काही डॉलरला विकत मिळतं.

आणि नक्कल खरंच चांगली असते. रेकॉर्डिंगमध्ये, ड्रम आणि बेससोबत ऐकताना, कुठला खरा आणि कुठला डिजिटल हे भलेभले ओळखू शकत नाहीत. फरक जाणवतो तो खोलीत. मॉडेलर देतो तो माइकने पकडलेला, तयार झालेला आवाज. अ‍ॅम्पसमोर उभं राहिल्यावर पोटऱ्यांना लागणारी हवा त्यात नसते. पण ती हवा वाजवणाऱ्यालाच कळते. प्रेक्षकांपर्यंत जातो तो माइकचाच आवाज.

भाव पडतो कसा, आणि कुणाचा?

इथे खरा मुद्दा येतो. आवाजात फरक इतका कमी उरला असेल, तर सेकंड हँड बाजार भाव कशावर ठरवतो? उत्तर आहे: ‘याच्यानंतर काय येणार आहे’ यावर.

मॉडेलर हा कम्प्युटर आहे आणि तो कम्प्युटरसारखाच म्हातारा होतो. नवीन मॉडेल आलं की त्यात जुन्यातलं सगळं असतं, वर आणखी काहीतरी असतं. म्हणजे जुन्याकडे नव्यात नसलेलं असं काहीच उरत नाही. पहिल्या मालकाकडे असताना भाव हळूहळू उतरतो आणि ज्या दिवशी कंपनी पुढचं मॉडेल जाहीर करते त्या दिवशी धाडकन पडतो. अ‍ॅक्स एफएक्स थ्री २०१८ मध्ये आला आणि टू वापरणाऱ्यांनी एकाच वेळी आपापली यंत्रं विकायला काढली. जुना लाल पॉड आज शंभर डॉलरच्या आसपास फिरतो, तोही ‘लहानपणीची आठवण’ म्हणून.

ट्यूब अ‍ॅम्पचं उलट आहे. त्याची किंमत एकदाच पडते, पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना. दुकानाचा नफा आणि नवेपणाचे पैसे तिथे वजा होतात. नवा घेणाऱ्याला हा फटका चांगलाच बसतो, बुटीक असला तरी बसतो. पण त्यानंतर भाव साधारण तिथेच थांबतो, कारण त्याला मागे टाकणारं नवं मॉडेल येत नाही. डीसी-३० ची कीर्ती ‘तो डीसी-३० आहे’ यातच आहे.

समजा, दोघांनी एकाच दिवशी सेकंड हँड माल घेतला. एकाने २,००० डॉलरचा बुटीक अ‍ॅम्प, दुसऱ्याने १,२०० डॉलरचा मॉडेलर. पाच वर्षांनी पहिल्याने १,९०० ला विकला आणि दुसऱ्याने ५०० ला, तर महाग कोण पडलं? अर्थात पहिल्याच्या हिशोबात पाच वर्षांतला ट्यूबचा खर्च, एखादी सर्व्हिस आणि विकताना पाठवणीचा खर्च धरायला हवा. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण वळण असंच असतं. कार्यक्रमांवर पोट असलेल्या वादकासाठी ही चैनीची चर्चा नसते. त्याच्या वाद्यसामानात त्याची बचत अडकलेली असते.

पण ‘बुटीक म्हणजे गुंतवणूक’ असं कुणी म्हणालं तर सावध राहायचं. डंबल आणि ट्रेनरेक ही लॉटरी लागलेली दोन नावं आहेत. एकट्या माणसाने चालवलेल्या अशा कित्येक कंपन्या आल्या आणि बंद पडल्या. त्यांचे अ‍ॅम्प उत्तम असूनही नाव कुणाला माहीत नाही म्हणून पडून राहतात. बनवणारा गेला की अ‍ॅम्पची दंतकथा तरी होते नाहीतर तो बेवारस तरी होतो. मॅचलेसच्या बाबतीत तर एकाच कंपनीत दोन भाव आहेत. १९९० च्या दशकाच्या शेवटी ही कंपनी बंद पडली, नंतर दुसऱ्या लोकांनी पुन्हा सुरू केली. तेव्हापासून जुने अ‍ॅम्प विकणारे जाहिरातीत ‘सॅम्पसन एरा’ असं ठळक लिहितात आणि वरचे पैसे मागतात.

मॉडेलरनेही बुटीकला धक्का दिलाच आहे, फक्त तो वरच्या टोकाला दिसत नाही. पूर्वी चार वेगळ्या आवाजांसाठी चार अ‍ॅम्प ठेवणारे लोक आता एक मॉडेलर घेतात आणि तीन अ‍ॅम्प विकायला काढतात. त्यात सगळ्यात आधी जातात ते दोन स्पीकरवाले, एकट्याला न उचलणारे मोठे अ‍ॅम्प. फेंडरने २०१९ मध्ये स्वतःच्याच प्रसिद्ध ट्विन रिव्हर्ब अ‍ॅम्पची ‘टोन मास्टर’ ही डिजिटल आवृत्ती काढली. ट्यूबवाला ट्विन साधारण २९ किलोचा, डिजिटल १५ किलोचा. पन्नाशीतल्या गिटारवाल्याची कंबर यातलं काय निवडते हे सांगायला नको. त्यामुळे आज बाजारात छोटे, कमी वॉटचे आणि हलके बुटीक अ‍ॅम्प लवकर जातात. मोठे धूड महिनोन्‌महिने पडून राहतात. भाव करायला वाव असतो तो तिथे.

अपवाद : ज्यांचं सॉफ्टवेअर थांबलं नाही

मॉडेलरचा भाव पडतोच, पण सगळ्यांचा सारख्या वेगाने नाही. केम्परने २०११ नंतर एक तपाहून जास्त काळ मूळ यंत्र बदललंच नाही. नवीन गोष्टी आल्या त्या फुकटच्या अपडेटमधून. त्यामुळे जुना केम्पर आणि नवा केम्पर यांत फरक उरला नाही आणि सेकंड हँड भाव बराच काळ टिकला. त्याची पुढची पिढी आली ती २०२५ मध्ये. हेलिक्सचंही तसंच. २०१५ मध्ये आलेल्या यंत्राला दहा वर्षं नवनवीन अ‍ॅम्प आणि इफेक्ट फुकट मिळत राहिले. २०२५ मध्ये ‘हेलिक्स स्टेडियम’ जाहीर झाला आणि जुन्या मालकांना पहिल्यांदाच आपलं यंत्र जुनं झाल्याची जाणीव झाली.

म्हणून जुना मॉडेलर घेताना यंत्राचं वय बघण्यापेक्षा शेवटचं अपडेट कधी आलं ते बघणं शहाणपणाचं. कंपनीने हात काढून घेतला की यंत्र चालू असलं तरी त्याच्यासोबतचं कम्प्युटरवरचं एडिटर सॉफ्टवेअर नव्या विंडोज किंवा मॅकवर कधी बंद पडेल याचा भरवसा नसतो.

ट्यूबच मिळाल्या नाहीत तर?

ट्यूब अ‍ॅम्पच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं की तो कायम दुरुस्त होतो. बऱ्याच अंशी ते खरं आहे. आत कुठलीही गुप्त चिप नसते. रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर, आणि हाताने जोडलेल्या तारा डोळ्यांनी दिसतात. पन्नास वर्षांपूर्वीचा फेंडर आजही कुठलाही जाणता तंत्रज्ञ सर्किटचा नकाशा समोर ठेवून उभा करतो. मॉडेलरचा मुख्य बोर्ड गेला आणि कंपनीकडे सुटा भाग नसला, तर त्याचा पेपरवेट होतो.

पण ट्यूब ही झिजणारी वस्तू आहे आणि ती बनवणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. रशियात सारातोव्ह, स्लोव्हाकियात जेजे आणि चीनमधले मोजके. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने निर्यातीवर बंधनं आणली आणि ‘न्यू सेन्सर’ या अमेरिकन कंपनीने ट्यूब पाठवता येणार नाहीत असं जाहीर केलं. टंग-सोल, सोव्हटेक, मुलार्ड, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स... वेगवेगळ्या वाटणाऱ्या या सगळ्या नावांच्या ट्यूब सारातोव्हच्या एकाच कारखान्यातून निघतात, हे कित्येक गिटारवाल्यांना त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. त्याच्या आधीच चीनमधल्या शुगुआंग या जुन्या कारखान्याचं काम विस्कळीत झालेलं होतं. लोकांनी साठेबाजी केली. पुढे रशियन पुरवठा सुरू झाला, पण भाव चढले ते चढलेच.

जाता जाता, यात एक भारतीय धागाही आहे. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड, म्हणजे बीईएल, एकेकाळी रेडिओचे वाल्व्ह बनवायची. त्यातले काही प्रकार गिटार अ‍ॅम्पमध्ये जसेच्या तसे चालतात. जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या कपाटात पडलेल्या त्या खोक्यांना आज परदेशात गिऱ्हाईक आहे.

डिजिटलवाल्यांनी यावर हसायचं कारण नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली. आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिप तिथे बनायच्या. पाठोपाठ कोविडमुळे जगभर चिपटंचाई आली. नवी ऑडिओ यंत्रं वेळेवर मिळेनाशी झाली की लोक वापरलेल्याकडे वळतात, आणि तेव्हा नेहमी उतरणारा सेकंड हँड भाव काही काळ थबकतो.

बघायला गेल्यावर काय बघायचं?

सगळ्यात आधी किंमत. रिव्हर्ब ही शिकागोत २०१३ मध्ये सुरू झालेली वेबसाइट या धंद्यातली मोठी पेठ आहे. तिथे दिसणारा आकडा हा मागितलेला भाव असतो. खरा भाव तो ज्याला माल विकला गेला. जुने व्यवहार तपासता येतात, ते तपासायचे. डंबलच्या बातम्या वाचून आपल्याही अ‍ॅम्पला सोन्याचा भाव लावणारे विक्रेते काही कमी नाहीत.

ट्यूब अ‍ॅम्प असेल तर तो स्पीकर न जोडता चालू करायचा नाही आणि कुणाला करूही द्यायचा नाही. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि अ‍ॅम्पमधला सगळ्यात महाग भाग बहुधा तोच असतो. चालू झाल्यावर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने छोट्या ट्यूबवर हलकं टकटक करायचं. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर ती ट्यूब बदलायला झालीय. हे फार गंभीर नाही, भाव करायला कामाचं आहे. कपॅसिटर बदललेले असतील तर घाबरायचं कारण नाही. पंधरा-वीस वर्षांनी ते बदलावेच लागतात आणि वेळेवर बदलणं हे मालक काळजीवाहू असल्याचं लक्षण. ट्रान्सफॉर्मर मूळचे नसतील तर मात्र भाव चांगलाच खाली यायला हवा. मागचं झाकण उघडून आत हात घालायचा मोह टाळायचा. आत चारशे-पाचशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ते काम तंत्रज्ञाचं.

मॉडेलरमध्ये बघायचं ते वेगळं. पायाने दाबायची बटणं शेकडो कार्यक्रमांत तुडवलेली असतात, ती एकेक दाबून बघायची. स्क्रीन, फिरवायच्या खुंट्या, यूएसबी. एखादं अपडेट टाकून ते पूर्ण होतंय का ते समोर बघायचं. काही यंत्रं मालकाच्या ऑनलाइन खात्याला जोडलेली असतात. आधीच्या मालकाने ती खात्यातून मोकळी केली नाहीत तर नंतर त्याच्या मागे फिरावं लागतं.

महाराष्ट्रात बसून घ्यायचं तर?

अमेरिकेत स्वस्त दिसणारा बुटीक अ‍ॅम्प इथे येईपर्यंत स्वस्त राहत नाही. तीस किलोचं, आत काच असलेलं खोकं विमानाने आणायचं, त्यावर आयात शुल्क आणि कर भरायचे. त्यानंतर विजेचा प्रश्न. अमेरिकन अ‍ॅम्प १२० व्होल्टवर चालतो, आपल्याकडे २३० व्होल्ट. मागच्या पट्टीवर काय लिहिलंय ते न वाचता प्लग लावला की खेळ खल्लास. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून तो चालवता येतो, पण ते आणखी काही किलोंचं ओझं. शिवाय तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि इथली ५० हर्ट्झची, त्यामुळे अ‍ॅम्पचा मूळ ट्रान्सफॉर्मर जरा जास्तच तापतो. काही बुटीक कंपन्या निर्यातीसाठी दोन्ही व्होल्टेजचे ट्रान्सफॉर्मर बसवतात. असा अ‍ॅम्प मिळाला तर त्यासाठी चार पैसे जास्त देणं परवडतं.

मॉडेलरला हा त्रास बहुधा नसतो. बरेचसे १०० ते २४० व्होल्टवर चालतात आणि बॅगेत मावतात. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या बँडमध्ये, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांत गिटारवाला मॉडेलर हा शब्दही वापरत नाही, तो म्हणतो ‘प्रोसेसर’. प्रोसेसरची वायर थेट मिक्सरला, आणि कार्यक्रम सुरू. इथे सेकंड हँड बाजार आहे तो याच यंत्रांचा, आणि तो बहुतेक ओळखीपाळखीत चालतो. एकाने नवीन घेतला की जुना त्याच्या शिष्याकडे जातो, शिष्याकडून पुढे दुसऱ्या गावातल्या पोराकडे.

अशा दोन-तीन हातांतून आलेल्या यंत्रात बिघडतं काय, तर बहुतेक वेळा अ‍ॅडॉप्टरची पिन आणि ती जिथे खोचतात तो सॉकेट. बारा व्होल्टच्या यंत्राला कुणीतरी मिळेल तो अ‍ॅडॉप्टर लावलेला असतो. मूळचा सोबत नसेल तर नव्याचे पैसे भावातून आधीच वळते करून घ्यायचे, आणि यंत्र किमान अर्धा तास चालू ठेवून, पिन जरा हलवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.